नावेचे इंजिन दुरुस्त करावे की नवे बसवावे?

प्रश्न : आम्ही गोसीखुर्द धरणाच्या जलाशयात मासेमारी करणाऱ्या एका लहान सहकारी संस्थेचे सभासद आहोत. जाळी आणि मासळी वाहण्यासाठी आमच्याकडे फायबरची नाव असून तिला 10 अश्वशक्तीचे, एका सिलिंडरचे, पाण्यावर थंड होणारे डिझेल इंजिन आहे. गेल्या महिन्यात ते भर जलाशयात तापून जॅम झाले. सोबतच्या सभासदाने त्यावर बादलीने पाणी ओतले. तासाभराने ते पुन्हा सुरू झाले. पण तेव्हापासून पांढरा धूर येतो, ओढ कमी झाली आहे आणि ऑइल दुधाळ दिसते. गावातले मिस्त्री लायनर (ज्या नळीत पिस्टन वर-खाली सरकतो ती), पिस्टन आणि रिंगा बदलायला सांगतात व त्याचा खर्च नव्या इंजिनाच्या किमतीच्या साधारण 40 टक्के येईल म्हणतात. निम्मे सभासद नवेच घ्या म्हणतात, तर ज्येष्ठ मंडळींच्या मते जुने लोखंड नव्यापेक्षा पक्के असते. काय करावे?
– एक सचिव, पवनी तालुका, जि. भंडारा

उत्तर : सर्वप्रथम एक विनंती. निर्णय होईपर्यंत हे इंजिन एकदाही सुरू करू नका. दुधाळ ऑइलचा अर्थ ऑइलमध्ये पाणी मिसळले आहे, आणि अशा ऑइलवर इंजिन जितके चालेल तितकी क्रँकची (पिस्टनच्या जोरावर फिरणाऱ्या मुख्य दांड्याची) बेअरिंगे खराब होत जातील. म्हणजे आज जो खर्च टळू शकतो तो उद्या टळणार नाही. थोडे ऑइल काचेच्या बाटलीत काढून रात्रभर स्थिर ठेवा. तळाशी पाण्याचा थर साचला तर शंका उरणार नाही.

मिस्त्रींनी सांगितलेला 40 टक्क्यांचा आकडा इंजिन न उघडता सांगितलेला आहे, म्हणून त्यावर सभेत मतदान घेण्यात अर्थ नाही. लायनर, पिस्टन आणि रिंगा तापलेल्या इंजिनात बहुधा बदलाव्या लागतातच, परंतु आपला निर्णय त्यांच्यावर अवलंबून नाही. तो हेड (सिलिंडरच्या वरचे झाकण), ब्लॉक (इंजिनाचा मुख्य सांगाडा) आणि क्रँक या तीन भागांच्या अवस्थेवर अवलंबून आहे, आणि या तिन्हींबद्दल आपल्या पत्रात काहीच नाही.

तापलेल्या बिडावर थंड पाणी पडले की ते तडकण्याची शक्यता असते, आणि तडा सहसा हेडमध्ये दोन व्हॉल्व्हच्या मधल्या अरुंद जागेत किंवा व्हॉल्व्ह आणि इंजेक्टरच्या भोकाच्या दरम्यान जातो. तो नुसत्या डोळ्यांना दिसेलच असे नाही. हेड स्वच्छ करून त्यावर लाल रंगाचे भेदक द्रव्य लावतात, ते पुसून काढतात आणि वर पांढरा डेव्हलपर फवारतात. तडा असेल तर पांढऱ्यावर केसाएवढी लाल रेघ उमटते. भंडारा किंवा नागपूरच्या चांगल्या इंजिन वर्कशॉपमध्ये ही तपासणी आणि हेडची पाण्याच्या दाबाखालची चाचणी करून घ्यावी. हेड तडकले असेल तर निराश होऊ नका, कारण हेड स्वतंत्र मिळते. हेड आणि ब्लॉक यांच्यामधले गॅसकेट जळले असेल किंवा लायनरच्या तळाची रबरी रिंग तापून कडक झाली असेल, तरीही पाणी ऑइलमध्ये उतरते, आणि हे दोन्ही दोष स्वस्तात दुरुस्त होतात. मात्र ब्लॉकलाच तडा असेल, तर माझ्या मते दुरुस्तीचा विचार तिथेच सोडावा. बिडाचे वेल्डिंग करून देणारे कारागीर आहेत, पण ज्या नावेत माणसे बसून काठापासून दूर जातात, तिच्यात असा ब्लॉक वापरावा असे मी सांगणार नाही.

क्रँकचे मोजमाप मायक्रोमीटरने करून घ्या. जर्नल, म्हणजे क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग, निळसर पडले असेल तर ते ऑइलविना तापले आहे असे समजावे. ओरखडे असतील तर क्रँक 0.25 किंवा 0.50 मिलिमीटरने घासून त्या मापाची बेअरिंगे बसवता येतात. परंतु ही घासाई पूर्वी किती वेळा झाली आहे हे आधी पाहायला हवे. जुन्या बेअरिंगच्या पाठीवर हा आकडा कोरलेला असतो, आणि सिलिंडर पूर्वी बोअर झाला (आतून कोरून मोठा केला) असेल तर वाढीव मापाचा आकडा पिस्टनच्या माथ्यावर सापडतो. क्रँक शेवटच्या मापापर्यंत आलेला असेल तर नवा क्रँक घ्यावा लागेल, आणि लहान इंजिनाच्या बाबतीत तेवढ्यानेच हिशेब नव्या इंजिनाकडे झुकतो. लायनरवर पांढुरके, चकचकीत चट्टे दिसले तर घाबरू नका. ते बहुधा पिस्टनचे वितळून चिकटलेले अ‍ॅल्युमिनियम असते.

हे सारे करण्याआधी, किंवा निदान सोबतच, इंजिन तापले कशामुळे याचा शोध घ्यावा. हा मुद्दा मी आग्रहाने मांडतो, कारण नवे इंजिन घेऊनही तो सुटत नाही. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि कन्हानमधून वैनगंगेत येते. त्यामुळे आपल्या जलाशयात जलपर्णी फोफावते, हे आपण रोज पाहता. तिच्या मुळांनी पाणी ओढणाऱ्या नळीची जाळी बुजते, पंप कोरडा फिरतो आणि त्याच्या रबरी चक्राची पाती तुटतात. तुटलेले तुकडे पाण्याच्या वाटेत जाऊन अडकतात. म्हणून चक्राची सगळी पाती मोजा; एखादे कमी असेल तर ते सापडेपर्यंत शोधा. लायनर काढल्यावर भोवतालच्या पोकळीत तळाशी गाळ घट्ट बसलेला आढळला, तर वरून पाणी वाहताना दिसूनही खालचा भाग कोरडाच तापत होता हे कळेल. कारण दूर न करता बसवलेले नवे इंजिनही त्याच वाटेने जाईल.

खर्चाची तुलना करताना नव्या इंजिनाची दुकानातली किंमत धरू नका. नव्या इंजिनाचे पाय, उंची आणि मिनिटाचे फेरे वेगळे असतील तर बैठक बदलावी लागते, पंख्याला फिरवणारा शाफ्ट पुन्हा जुळवावा लागतो आणि कधी नावेला ढकलणारा पंखाही बदलावा लागतो. पंखा जड पडला तर नवे इंजिनसुद्धा काळा धूर टाकत दमून चालते. शाफ्टची जुळणी नाव पाण्यात असताना तपासावी, कारण काठावर ठेवलेल्या नावेचा तळ पाण्यात थोडा वेगळा आकार घेतो. इंजिन आणि शाफ्ट जोडणाऱ्या कपलिंगच्या दोन तोंडांमधली फट चारही बाजूंनी फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजावी. 100 मिलिमीटर व्यासाच्या कपलिंगला 0.1 मिलिमीटरहून जास्त फरक नसावा. हा सगळा खर्च धरून नव्या इंजिनाला जी एकूण रक्कम लागेल, तिच्या निम्म्याच्या आत दुरुस्तीचा लेखी आणि भागवार अंदाज येत असेल, ब्लॉक निर्दोष असेल आणि सुटे भाग नागपुरात सहज मिळत असतील, तर दुरुस्ती करावी. आपल्या पत्रावरून माझा कल दुरुस्तीकडेच आहे. गोड्या पाण्यात चाललेले इंजिन समुद्रातल्या इंजिनासारखे आतून मिठाने खाल्लेले नसते, त्यामुळे ज्येष्ठ मंडळींचे म्हणणे निराधार नाही.

शेतीपंपाचे जुने ऑइल इंजिन स्वस्तात मिळते म्हणून ते नावेत बसवण्याची सूचना सभेत येईल. ते जड असते, त्याचे चाक मोठे असते. आपल्या नावेला ते योग्य नाही. मात्र ते आपल्याच मॉडेलचे निघाले, तर त्याचा ब्लॉक किंवा क्रँक उपयोगी पडू शकेल.

प्रश्न : पुरात आमच्या गावच्या नावेचे आउटबोर्ड (मागे बाहेरून लावलेले) इंजिन रात्रभर गढूळ पाण्याखाली राहिले. इंजिन त्या वेळी बंद होते. ते टाकून द्यावे का?
– एक वाचक, देसाईगंज तालुका, जि. गडचिरोली

उत्तर : बंद इंजिन बुडाले असेल तर ते वाचण्याची शक्यता चांगली आहे. चालू इंजिन बुडाल्यास सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. तो धोका आपल्याकडे नाही. गंज मात्र इंजिन हवेत आल्यावर झपाट्याने चढतो, त्यामुळे मिस्त्री लगेच मिळणार नसतील तर इंजिन उघड्यावर वाळत ठेवण्यापेक्षा स्वच्छ पाण्याच्या पिंपात बुडवून ठेवणे बरे. काम सुरू करताना स्पार्क प्लग काढा, भोक खाली करून पाणी निथळू द्या आणि दोरी अगदी सावकाश ओढा. आत वाळू करकरत असल्याचे जाणवले तर ओढणे थांबवा. टू-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या बेअरिंगपर्यंत गाळ पोहोचतो, म्हणून पुराच्या पाण्यातून काढलेले इंजिन नुसते सुकवून चालवू नये. ते पूर्ण उघडून धुवावे लागते. टाकी आणि कार्ब्युरेटरमधले इंधन फेकून द्या. उघडल्यावर क्रँकच्या बेअरिंगांवर गंजाचे खड्डे दिसले आणि पूर्ण क्रँक बदलण्याची वेळ आली, तर मात्र आधी नव्या इंजिनाचा भाव मागवा आणि मगच सुटे भाग घ्या.