पूर आल्यावर ड्युटी कोणाला द्यायची?

प्रश्न : निपाणीजवळच्या एका खासगी रुग्णालयात मी परिसेविका (वॉर्डची प्रमुख परिचारिका) आहे. आमच्या बऱ्याच परिचारिका दूधगंगेपलीकडच्या गावांतून येतात. पूल पाण्याखाली गेला की त्या अडकतात आणि रुग्ण मात्र वाढतात. अशा वेळी मावशींवर आणि एएनएमवर (सहायक परिचारिकांवर) कोणती कामे सोपवावीत? काही चुकले तर जबाबदार कोण?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : काम सोपवता येते; ते योग्य व्यक्तीला, योग्य सूचनांसह सोपवले की नाही आणि त्यावर लक्ष ठेवले की नाही, याचे उत्तर मात्र तुम्हालाच द्यावे लागते. अंथरूण बदलणे, भरवणे, अंग पुसणे, लघवी मोजून सांगणे ही कामे मावशी करू शकतात. प्रकृती स्थिर असलेल्या रुग्णाचा ताप आणि रक्तदाब एएनएम पाहू शकते. नव्या रुग्णाची पहिली तपासणी, रक्त चढवणे आणि पोटॅशियम किंवा हेपॅरिनसारखी जोखमीची औषधे मात्र अनुभवी परिचारिकेकडेच ठेवावीत. ‘आजोबांकडे लक्ष ठेवा’ ही सूचना नव्हे. ‘दर अर्ध्या तासाने नाडी मोजा, १२० च्या वर गेली तर मला उठवा’ असे सांगून ते त्यांच्याकडून परत म्हणवून घ्यावे. मावशींना कन्नड सोयीचे असेल तर कन्नडमध्येच.

खरी अडचण ड्युटीच्या तक्त्यात आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांत रजेसाठी ३० टक्के जादा मनुष्यबळ धरलेले आहे (खासगी रुग्णालयांत ते कितपत असते, हे तुम्हीच जाणता), पण त्या हिशेबात माणसे एकेक करून रजेवर जातात, पुरात एका काठावरची सगळीच गैरहजर होतात. म्हणून तक्त्यात प्रत्येकीच्या नावापुढे तिच्या वाटेवरचा पूल लिहावा आणि एका पाळीत एकाच काठाच्या सगळ्या जणी येणार नाहीत, हे पाहावे. दूधगंगेवरच्या काळम्मावाडी धरणातून विसर्ग वाढल्याचे कळताच पलीकडच्या काही जणींना कपड्यांसह आदल्या दिवशीच बोलावून घ्यावे. पुणे-बंगळुरू महामार्गावर विसंबू नये; ऑगस्ट २०१९ मध्ये यमगर्णीजवळ तोही बंद पडला होता. मुक्कामी आलेल्यांना झोपायला वॉर्डापासून दूर खोली द्यावी आणि सलग बारा तासांपुढे कोणालाही थांबवू नये, कारण त्यानंतर औषधांच्या चुका वाढतात. कामवाटपाच्या यादीवर जूनपूर्वीच डॉक्टरांची आणि व्यवस्थापनाची सही घ्यावी.