बेळगावच्या पावसाळ्यात आमच्या लॅबमधला चांदीच्या थराचा एसपीआर सेन्सर (सरफेस प्लाझमॉन रेझोनन्स: धातूच्या पातळ थरावरून परतणाऱ्या प्रकाशावरून त्या थरावर काय चिकटलं ते ओळखणारा) आठवड्यात बिघडतो. काय करावं?

चांदी उघडी ठेवू नका. तिच्यावर ५ ते १० नॅनोमीटर सोनं चढवा, नाहीतर सरळ सुमारे ५० नॅनोमीटर सोन्याचीच फिल्म घ्या. देवघरातलं चांदीचं निरांजन काळं पडतं तोच हा प्रकार: हवेतल्या गंधकाच्या संयुगांनी सल्फाइड चढतं, दमट हवेत आणखी लवकर. बफरमधलं (सेन्सरवरून सोडायच्या क्षारयुक्त द्रावणातलं) क्लोराइडही चांदी खातं. सोन्यात बारीक छिद्रं राहिली तर तिथूनच सुरुवात होते. काचेवर सोनं नीट धरत नाही, खाली २-३ नॅनोमीटर क्रोमियम किंवा टायटॅनियम द्या. (हा थर जाड केलात तर डिप, म्हणजे परतणाऱ्या प्रकाशातली घट, रुंद आणि उथळ होतो.) मी हेच थर चढवायचं काम करतो, चिकटपट्टी लावून ओढतो, सोनं पट्टीबरोबर आलं की स्लाइड बाद. प्रतिपिंडं (नमुन्यातला हवा तो रेणू पकडणारी प्रथिनं) थायॉलच्या, म्हणजे सोन्याला धरणाऱ्या गंधकयुक्त रेणूंच्या, थरावर रासायनिक बंधाने जोडा, नुसती चिकटलेली धुताना सुटतात.

पण रीडिंगची रेषा सरकली म्हणजे फिल्मच बिघडली असं नाही. तापमान १ अंशाने बदललं की पाण्याचा अपवर्तनांक साधारण ०.०००१ ने हलतो, आणि एसपीआरला तेवढं सहज दिसतं. शेजारी प्रतिपिंडं नसलेलं संदर्भ चॅनेल ठेवून त्याचं रीडिंग वजा करा.