वरिष्ठांना सांगून झालं, बाहेर कळवलं नाही तर ठपका माझ्यावर येईल का?

तुमचा प्रश्न असा: एका सर्जनच्या पेशंटना ऑपरेशननंतर वारंवार गुंतागुंत होते आहे. तुम्ही वॉर्डात नर्स आहात. मेट्रन आणि वैद्यकीय अधीक्षक दोघांच्या कानावर घातलंत, ते "बघतो" म्हणाले आणि विषय तिथेच राहिला. आता बाहेर कुठे कळवलं नाही तर तुम्ही अडचणीत याल का?

येऊ शकता. तुमची नोंदणी कुठली आहे यावर ते ठरतं. ऑस्ट्रेलियात २०१० पासूनच्या कायद्यानुसार, सहकाऱ्याचं काम मान्य दर्जापेक्षा इतकं खाली गेलंय की लोकांना धोका आहे, असं सबळ कारणाने वाटत असेल तर नोंदणीकृत डॉक्टर-नर्सने नियामक संस्थेला कळवलंच पाहिजे. न कळवणं हा फौजदारी गुन्हा नाही, पण स्वतःच्या नोंदणीवर कारवाई होऊ शकते. इतर अनेक देशांत हेच आचारसंहितेत आहे. जिथे तुमची नोंदणी आहे त्या नर्सिंग परिषदेची आचारसंहिता काढा आणि 'रुग्णाची सुरक्षितता' हा भाग नीट वाचा. दहा मिनिटांचं काम आहे, पण आमच्या क्षेत्रात ते कोणी करत नाही.

मी रुग्णालयातल्या तक्रारींच्या चौकशीचं काम करते, त्यामुळे "मी तर सांगितलं होतं" हे वाक्य सतत ऐकते. बहुतेक वेळा ते खरंच असतं. पण फाईल उघडली की नर्सिंग नोट्समध्ये एवढंच सापडतं: "डॉक्टरांना कळवले." कुठल्या डॉक्टरांना? किती वाजता? बीपी किती होतं, लघवी किती झाली होती, उत्तर काय मिळालं? यातलं काहीच नसतं. चौकशीत अशी नोंद म्हणजे न केलेलीच नोंद. त्यामुळे आधी लेखी द्या, पोच घ्या, आणि अमुक तारखेपर्यंत काय केलं ते कळवा असं त्याच पत्रात लिहा. ती तारीख उलटली, पेशंट अजून धोक्यात आहेत, आणि उत्तर नाही, की समजा आतला रस्ता संपला. (आत्ता या क्षणी कोणाचा जीव धोक्यात असेल तर पत्राची वाट पाहू नका, त्या रात्रीच जो वरिष्ठ भेटेल त्याला उठवा.)

बाहेर का जायचं, याचं कारण मला ठपक्यापेक्षा मोठं वाटतं. बंडाबर्गचं प्रकरण बघा. ऑस्ट्रेलियातल्या या गावच्या रुग्णालयात २००३ पासून डॉ. जयंत पटेल शल्यविभागाचे प्रमुख होते. अतिदक्षता विभागाच्या प्रमुख परिचारिका टोनी हॉफमन त्यांच्या शस्त्रक्रियांबद्दल आत तक्रार करत राहिल्या, ऑक्टोबर २००४ मध्ये लेखीही दिली. काही हललं नाही. मार्च २००५ मध्ये त्या आमदार रॉब मेसेंजर यांच्याकडे गेल्या, त्यांनी विषय विधानसभेत मांडला, आणि मग चौकशी आयोग बसला. पटेल यांच्या काही शस्त्रक्रियांवर अमेरिकेत ओरेगॉनमध्ये आधीच निर्बंध आले होते, हे एका पत्रकाराने इंटरनेटवर शोधून काढलं! (पटेल यांना झालेली मनुष्यवधाची शिक्षा २०१२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. पुढे फसवणुकीचे आरोप त्यांनी कबूल केले. तेही सांगायला हवं.)

रुग्णालयाला आपल्या नावाची काळजी असते. झाकली मूठ सव्वा लाखाची. म्हणून नकोसा माणूस गुपचूप राजीनामा देऊन जातो आणि पुढच्या रुग्णालयात रुजू होतो. टेक्सासमधल्या ख्रिस्तोफर डंच या सर्जनचं असंच झालं. २०१७ मध्ये त्याला जन्मठेप झाली, पण त्याआधी एका रुग्णालयातून तो असाच राजीनामा देऊन निघाला आणि दुसरीकडे ऑपरेशनं करू लागला. तो कुठे काय करून आलाय, हे नियामक संस्थेलाच एकत्र दिसू शकतं, आणि तेही तुमच्यासारख्या कोणी कळवलं तरच.

मात्र बाहेर म्हणजे व्हॉट्सॲप ग्रुप नव्हे. केसपेपरचे फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवू नका, गोपनीयतेचा भंग म्हणून प्रकरण तुमच्यावरच उलटेल. नोंदणी परिषद, आरोग्य खात्याचा तपासणी विभाग, आणि मुद्दाम इजा केल्याचा संशय असेल तर पोलीस. अर्जात पेशंटचा नोंदणी क्रमांक, तारखा आणि स्वतः पाहिलेलं तेवढंच लिहा. "हा माणूस नालायक आहे" हे लिहू नका. "अमुक तारखेच्या ऑपरेशननंतर जखम उसवली, पुन्हा थिएटरमध्ये न्यावं लागलं" असं लिहा. उपचारांबद्दल नुसता मतभेद असेल तर तोही मतभेद म्हणूनच मांडा.

निनावी अर्जाचा मोह होईल. तपासणाऱ्याला पुढचा प्रश्न विचारायला माणूस सापडला नाही की असे अर्ज पडून राहतात. नाव द्या, ते गुप्त ठेवण्याची विनंती अर्जातच करा, आणि शक्य असेल तर त्याच वॉर्डातली आणखी एखादी सिस्टर सही करेल का ते विचारा.