गायरान, गायराण आणि ‘गायरानधारक’

बातम्यांचं भाषांतर करणाऱ्या एका मैत्रिणीने तीन गोष्टी एकदम विचारल्या आहेत. गायरान बरोबर की गायराण? गायरान आणि गुरचरण एकच का? आणि ‘गायरानधारकांचा तहसीलवर मोर्चा’ या मथळ्यातल्या गायरानधारकांचं भाषांतर तिने ‘गायी पाळणारे’ असं केलं, ते चाललं का?

नाही चाललं. पण का नाही, ते सांगायला जरा वेळ लागेल. आधी सोपं ते उरकू.

गायरान, न नेच. संस्कृत ‘अरण्य’चं प्राकृतात ‘रण्ण’ झालं आणि मराठीत ‘रान’. प्राकृतातल्या जोड ‘ण्ण’चा मराठीत न होतो आणि आधीचा स्वर लांबतो. पर्ण, पण्ण, पान. कर्ण, कण्ण, कान. त्याच वाटेने रान. अरण्यात ण आहे म्हणून रानातही ण हवा असं वाटणं साहजिक आहे, पण मग आपल्याला पाण आणि काण लिहावं लागेल. शब्द नपुंसकलिंगी आणि जोडून लिहायचा: ते गायरान.

गुरचरण म्हणजे तीच जमीन. गावातल्या गुरांना चरायला राखलेली, मालकी सरकारची आणि देखरेख ग्रामपंचायतीची. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २२ प्रमाणे जिल्हाधिकारी अशी जमीन राखून ठेवतात. कोकणात आणि पश्चिम महाराष्ट्रात कागदावर ‘गुरचरण’ जास्त दिसतं. मराठवाड्यात लोकांच्या तोंडी गायरानच.

आता खरी गंमत ‘रान’ या शब्दात आहे. मुंबई-पुण्याच्या वाचकाला रान म्हटलं की झाडी आठवते. रानडुक्कर, रानभाजी, आडरान. पण मराठवाड्यात, सोलापुरात, साताऱ्या-सांगलीकडे ‘दादा कुठंयत?’ विचारलं की उत्तर येतं, ‘रानात गेल्यात.’ म्हणजे शेतात. रान नांगरायचं, रानाला पाणी द्यायचं, पाऊस थांबला की रान वाफशावर, म्हणजे पेरण्याजोग्या ओलीवर, यायची वाट बघायची. अरण्यापासून निघालेला शब्द कसलेल्या जमिनीपर्यंत येऊन पोचला, आणि दोन्ही अर्थ आजही सुखाने नांदतात. जंगलाला किंवा वनाला हे जमलं नाही. ‘वनात पाणी देतोय’ असं कुणी म्हणत नाही.

यात एक बारकावा आहे. माझं आजोळ बीड जिल्ह्यातलं. तिथे ‘रानात चाललो’ हे ज्याच्या नावावर जमीन आहे तोच म्हणतो. दुसऱ्याच्या शेतात खुरपायला जाणारी बाई म्हणते, ‘कामाला चालले’ किंवा ‘रोजानं चालले’. जागा तीच, काळी मातीही तीच, पण तिच्यासाठी ते रान नाही, काम आहे. हा नियम कुणी शिकवलेला नाही. लहानपणी मीही तो नकळत पाळत होतो.

‘गायरानधारक’ कळायला हे माहीत असावं लागतं. गायरान बहुधा गावाच्या कडेचं, मुरमाड, बरड. कुसळी गवत, तरवड, बोरी-बाभळी. ज्यांच्याकडे गाय नाही, त्यांचाच त्याच्याशी रोजचा संबंध: सरपण तिथलं, गोवऱ्यांचं शेण तिथलं, पावसाळ्यात तरोट्याची कोवळी भाजी तिथली. गावकुसाबाहेर ठेवलेल्या वस्त्यांना गावातली विहीर बंद होती, दुसऱ्याच्या बांधावरून जाताना शिव्या बसत होत्या. पाय मोकळेपणी टाकता येईल अशी जागा असलीच तर हीच. त्यातल्याच काहींनी पुढे तिथले दगड वेचले, बांध घातले आणि बाजरी-तूर पेरली. बाबासाहेब आंबेडकरांचे सहकारी दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. पडीक सरकारी जमीन कसणाऱ्याच्या नावावर करा, ही त्यांतली मोठी मागणी होती. गायरान कसणारे प्रामुख्याने दलित, काही ठिकाणी पारधी आणि इतर भटके-विमुक्त. हे लोक म्हणजे गायरानधारक.

शब्दाची घडणही बघा. जमीनदार, इनामदार, वतनदार यांतला ‘दार’ फारसी, आणि त्या शब्दांना सत्तेचा वास आहे. सातबाऱ्यावर असतो तो भोगवटादार, म्हणजे जमिनीचा नोंदलेला ताबेदार. गायरान कसणाऱ्याला यातलं कुठलंच नाव लागत नव्हतं, कारण सातबाऱ्यावर त्याचं नावच नव्हतं. ‘धारक’ म्हणजे धरून राहिलेला. मालक आहे असा दावा त्यात नाही, पण सोडणारही नाही हे आहे. मला हा शब्द फार नेमका वाटतो.

सरकारी भाषेत त्याच माणसाला म्हणतात ‘अतिक्रमणधारक’. अतिक्रमण म्हणजे हद्द ओलांडून जाणं. गाव नमुना १-ई ही अतिक्रमणांची नोंदवही, आणि इथे भाषा अगदी उलटी फिरते. अतिक्रमणाची नोंद व्हावी म्हणून ही माणसं तलाठ्याकडे खेटे घालतात. ‘एक-ईला नाव लागलं का?’ हा वस्तीवरचा नेहमीचा प्रश्न. कारण आपण इथे होतो याचा तोच एक पुरावा. १४ एप्रिल १९९० पर्यंत मागासवर्गीय भूमिहीनांनी शेतीसाठी केलेली अतिक्रमणं नियमित करण्याचा शासननिर्णय नोव्हेंबर १९९१ मध्ये निघाला. ही तारीख म्हणजे बाबासाहेबांच्या जन्मशताब्दी वर्षाचा पहिला दिवस. तेव्हापासून ‘नव्वदच्या आधीचं’ हा वाक्प्रचारच झालाय.

आजोळी आमच्या घरी खुरपायला येणाऱ्या एक मावशी होत्या. त्यांच्या पत्र्याच्या पेटीत दुधाच्या पिशवीत गुंडाळलेल्या पावत्या मी पाहिल्यात. सरकारी जमीन कसल्याबद्दल भरलेल्या दंडाच्या पावत्या. घड्यांवर फाटलेल्या, शाई उडालेली, एकीवर हळदीचा डाग. दंडाची पावती माणूस फेकून देतो किंवा लपवतो. मावशी सातबारा दाखवावा तशा त्या एकेक उलगडून दाखवायच्या.

शेजारच्या बागायतदाराचा बांध दरवर्षी वीतभर गायरानात सरकतो, त्याला गावात ‘बांध सरकला’ म्हणतात. बांध आपोआप सरकल्यासारखं. मावशींच्या दीड एकराला मात्र अतिक्रमण. हा भेद मला भाषाप्रेमी म्हणून खुपतो आणि माणूस म्हणून जास्त खुपतो.

गायरानं राखली पाहिजेत, हे मला मान्य आहे. गुरं आहेत, मेंढपाळ आहेत, गवतात अंडी घालणारे पक्षी आहेत. सार्वजनिक जमिनी मोकळ्या करा असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली जगपाल सिंग खटल्यात सांगितलं, पण त्याच निकालात शासनाच्या अधिसूचनेने भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या जमिनींचा अपवादही ठेवला. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर गावोगाव अतिक्रमण काढण्याच्या नोटिसा गेल्या. तेव्हाच्या बातम्यांत ‘अतिक्रमणधारक’ हा एकच शब्द सगळ्यांना लावलेला दिसायचा, मग ते कुणाचं झोपडं असो, शेत असो की व्यापारी गाळा. भाषांतर करताना हे तिन्ही वेगळे ठेवता आले तर ठेव.

गायरानधारकाला इंग्रजीत एका शब्दात बसवू नकोस. गावाच्या चराऊ जमिनीचा तुकडा कसणारे भूमिहीन, असं सरळ लिही. आणि मूळ मजकुरात विभक्ती कुठली आहे तिकडे लक्ष दे. नोटिशीत नेहमी ‘गायरानावर’ असतं: गायरानावरील अतिक्रमण. वस्तीवरची माणसं ‘गायरानात’ म्हणतात: गायरानात तूर आहे, गायरानात पाणी नाही. मावशी तर तेही म्हणायच्या नाहीत. आमच्याकडचं खुरपणं संपलं की पदर खोचून निघताना त्या म्हणायच्या, ‘येते, रानात जायचंय.’