पॅनेलखालची शेती करायचीय, मग पदवी कशाची?

प्रश्न : मुलगी यंदा बारावी विज्ञान, गणित आणि जीवशास्त्र दोन्ही आहेत. सौर पॅनेलखाली औषधी वनस्पती लावायच्या, हेच तिच्या मनाने घेतलंय. घरचे म्हणतात, सोलरला मागणी आहे, इंजिनिअरिंग कर. आमचं कुळागर (पोफळी-मसाल्यांची बाग) आहे, वरचा माळ पडीक आहे. काय करावं? – एक आई, सत्तरी (गोवा)

उत्तर : ताई, तिला कृषीची पदवी घेऊ द्या. पॅनेल बसवणारी, वायरिंग करणारी माणसं मिळतात. आयटीआय झालेल्यांसाठी सूर्यमित्र नावाचं सरकारी प्रशिक्षणच आहे. पॅनेलच्या दोन रांगांत किती अंतर सोडलं तर खाली कुठलं पीक तग धरेल, हे सांगणारं माणूस मात्र शोधून सापडत नाही.

जोधपूरच्या काझरी या कोरडवाहू शेतीच्या केंद्रीय संशोधन संस्थेने पॅनेलच्या रांगांमध्ये मूग, कोरफड, सोनामुखी घेऊन पाहिली. पॅनेलवरून ओघळणारं पावसाचं पाणीही साठवलं. तिथे थेंब जपावा लागतो. आपल्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस! पॅनेलच्या खालच्या कडेची धार महिनोन्महिने एकाच रेषेत पडते, तिथली माती धुपून चर पडतो आणि शेजारच्या सरीत पाणी तुंबलं की हळदीला कंदकूज लागते. म्हणजे जोधपूरचा आराखडा सत्तरीत जसाच्या तसा चालणार नाही. तो इथल्यासाठी नव्याने कुणीतरी मांडायला हवा आणि तुमच्या मुलीला ते जमू शकतं. पोफळीखाली मिरी, हळद, आलं कसं वाढतं, हे तिने जन्मापासून पाहिलंय.

केपे तालुक्यात सुळकर्णेला डॉन बॉस्को कृषी महाविद्यालय आहे, चार वर्षांची बीएस्सी ऑनर्स. जुने गोवेची केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था तिने आतापासूनच पाहून यावी. पुढे एमएस्सी कृषिविद्येत किंवा औषधी वनस्पतींत.

‘पॅनेलखालची शेती’ या नावाची नोकरी जाहिरातीत क्वचितच दिसेल, हे तिलाही स्पष्ट सांगा. पण याच पदवीवर बँकेतलं कृषी अधिकारीपद, कृषी खात्याची परीक्षा असे रस्ते खुले राहतात, म्हणून मी निश्चिंतपणे हो म्हणतेय.

माळावर मात्र आत्ताच पैसा घालू नका. खाली माणूस वावरेल इतक्या उंचीवर पॅनेल न्यायचं तर लोखंडाचाच खर्च वाढतो. केंद्राच्या २०१९च्या कुसुम या सौर योजनेत उंच खांबांवर पॅनेल आणि खाली पीक घेता येतं, पण तो प्रकल्प सहसा ५०० किलोवॅट किंवा त्याहून मोठा, म्हणजे दोन-अडीच एकर गुंतणार. औषधी वनस्पतींचा घेणाराही आधी गाठायला हवा. काळमेघ, पिंपळी वाळवून पोत्यांत भरल्यावर गिऱ्हाईक शोधलं तर भाव पाडूनच मिळतो.

त्याआधी मेअखेरीस दोन वाफे हळदीचे लावायला सांगा, एक उघड्यावर, एक पॅनेलच्या सावलीचा अंदाज यावा म्हणून पन्नास टक्के सावलीच्या शेडनेटखाली. बियाणं, खत दोन्हींना सारखंच. फेब्रुवारीत काढणी झाली की दोन्हींचे कंद वेगवेगळे तोलून वहीत टिपू दे, आणि आकडे मला कळवा.