वाचकांचे प्रश्न: अलीशा हजाएलसमोर का रडला?

प्रश्न: आमच्या बायबल स्टडीत यावेळी २ राजे, अध्याय ८ होता. दिमिष्कचा (आजचं दमास्कस) राजा बेन-हदाद आजारी असतो, इस्राएलाचा संदेष्टा अलीशा गावात आलाय कळल्यावर तो हजाएल नावाच्या आपल्या माणसाला विचारायला पाठवतो की मी या दुखण्यातून उठेन का. अलीशा म्हणतो, जाऊन सांग की नक्की बरा होशील, पण देवाने मला दाखवलंय की तो मरणार. दुसऱ्या दिवशी हजाएल राजाला मारतो आणि स्वतः गादीवर बसतो. माझी अकरा वर्षांची नात सोबत होती, तिने घरी येताना रिक्षात विचारलं, आजी, संदेष्टा खोटं बोलला का? मला काही सांगता आलं नाही. आणि अलीशाने "तू राजा होशील" म्हटलंच नसतं तर हा खून झाला असता का? (एक वाचिका, अहिल्यानगर)

उत्तर: ताई, नातीला आधी शाब्बासकी द्या, तिने बरोबर जागेवर बोट ठेवलंय. हस्तलिखितं जपणाऱ्या जुन्या शास्त्र्यांनाही इथे थांबावं लागलं होतं. मूळ हिब्रूत या वाक्यात "लो" असा छोटासा शब्द आहे आणि तो दोन प्रकारे लिहितात, लामेद-आलेफ ही अक्षरं लिहिली तर अर्थ "नाही", लामेद-वाव लिहिली तर अर्थ "त्याला", उच्चार मात्र सेम. आपल्याकडे दिन आणि दीन बोलताना एकच वाटतात आणि अर्थ कुठल्या कुठे जातो, तसंच. तर इथे ओळीत अक्षरं आहेत ती "नाही"ची, म्हणजे "जा, सांग, तू जगणार नाहीस", आणि समासात टीप आहे की वाचताना "त्याला" असं वाचा, म्हणजे "जा, त्याला सांग, तू नक्की जगशील". आपल्या मराठी बायबलात हे दुसरं वाचन आलंय. पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं, त्या अशा किती जागांवर अडल्या असतील असं मला हा भाग वाचताना नेहमी वाटतं.

काही जण म्हणतात की "नाही" हेच मूळ, म्हणजे प्रश्नच मिटला. मला ते पटत नाही कारण मग पुढचं "पण देवाने दाखवलंय की तो मरणार" यातला "पण" लटकतो. मी स्वतः असं वाचतो: राजाने काय विचारलं होतं ते नीट बघा, "या दुखण्यातून मी उठेन का?" त्या प्रश्नाचं उत्तर हो असंच होतं, दुखणं जीव घेणारं नव्हतं. जीव जाणार होता तो वेगळ्याच कारणाने, आणि ते कारण उंटांची रांग घेऊन अलीशाच्या समोर उभं होतं.

संडे स्कूलला हा भाग शिकवताना मी फळ्यावर दोन वाक्यं शेजारी शेजारी लिहायचो, अलीशाने हजाएलला सांगितलेलं एक आणि हजाएलने राजाला जाऊन सांगितलेलं एक. अलीशाने दोन गोष्टी सांगितल्या, बरा होशील आणि मरशील. हजाएल महालात गेला, राजाने विचारलं काय म्हणाला अलीशा, आणि हा म्हणतो, तुम्ही नक्की बरे व्हाल असं म्हणाला. बस. अर्धा निरोप राजाला दिला आणि अर्धा स्वतःजवळ ठेवला. मुलांना हे लगेच कळायचं, एखादं पोर मागून ओरडायचंच की सर, हा लपवतोय! तर नातीला सांगा, खोटं जे काही झालं ते त्या अर्ध्या निरोपात झालं, आणि ते अलीशाने केलेलं नाही.

आता दुसरा भाग, भविष्य सांगून अलीशानेच त्याला उचकवलं का. यासाठी दावीद आठवा. त्यालाही संदेष्टा शमुवेलने लहानपणीच तेलाचा अभिषेक केला होता, पुढचा राजा तूच म्हणून. नंतर शौल राजा त्याच्या जिवावर उठला, रानोमाळ पळवलं त्याला, आणि एन-गेदीच्या गुहेत तोच शौल एकटा दावीदच्या हाताच्या अंतरावर आला, सोबतचे लोक म्हणतायत हीच वेळ आहे, आणि दावीदने काय कापलं तर शौलच्या झग्याचा काठ. तेवढं कापलं तरी त्याचं मन त्याला खाऊ लागलं. राजपद मिळणार हे ऐकून माणसाला खून करावाच लागतो असं नाही, दावीद वर्षानुवर्षं थांबला. हजाएल एक दिवस थांबला.

आणि खून कसा केला बघा. एक जाडसर कापड घेतलं, पाण्यात बुडवलं आणि राजाच्या तोंडावर पसरलं. इथे कापडासाठी वापरलेला शब्द अख्ख्या हिब्रू बायबलात या एकाच ठिकाणी येतो त्यामुळे ते नक्की कसलं कापड यावर अंदाजच करावा लागतो, पांघरूण म्हणा, जाळीदार काही म्हणा. पण आजाऱ्याच्या खोलीत ओलं कापड घेऊन कोणी आलं तर कोणाला संशय येणार? आपण ताप चढला की मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवतोच ना. राजाला वाटलं असेल भरवशाचा माणूस आलाय. मला हे वाक्य आजही सलग वाचता येत नाही.

पण ताई, या सगळ्यात तुमच्या पत्रात एक गोष्ट सुटलीये आणि माझ्या मते तीच या भागाचा गाभा आहे. अलीशा रडला. हजाएल ४० उंटांवर दिमिष्कमधलं उत्तमोत्तम सामान लादून आला होता, "तुमचा मुलगा बेन-हदाद याने मला पाठवलंय" असं नम्रपणे बोलत होता. अलीशाने त्याच्याकडे एकटक पाहिलं, इतकं की लाज वाटेपर्यंत (कोणाला लाज वाटली हे हिब्रूत स्पष्ट नाही), आणि मग देवाचा माणूस रडायला लागला. हजाएल विचारतो, स्वामी का रडताय? अलीशा म्हणतो, तू इस्राएलाचं काय करणार आहेस ते मला माहीत आहे, तू त्यांचे किल्ले जाळशील, तरुण पोरांना तलवारीने मारशील, लहान लेकरं आपटशील, गरोदर बायकांना चिरशील.

यावर हजाएल म्हणतो, "आपला दास काय, एक कुत्रा, तो असली मोठी गोष्ट कशी करील?" बऱ्याच प्रवचनांत सांगतात की हजाएल हादरला, मी काय कुत्रा आहे का असलं करायला! मला तसं वाटत नाही. वरिष्ठासमोर स्वतःला कुत्रा म्हणणं ही त्या काळची दरबारी रीत होती. यहूदातल्या लाखीश शहरात खापरांवर लिहिलेली लष्करी पत्रं सापडली, इ.स.पू. सहाव्या शतकाच्या सुरुवातीची, त्यात हाताखालचा अधिकारी साहेबाला असंच लिहितो की कुत्र्यासारख्या या दासाची स्वामींनी आठवण ठेवावी असा मी कोण. म्हणजे हजाएल "एवढं मोठं काम माझ्यासारख्या लहान माणसाकडून कसं होईल" असं विचारतोय. लेकरांचं ऐकून त्याच्या तोंडून "मोठी गोष्ट" हे शब्द निघाले. अलीशा कशासाठी रडला ते इथेच कळतं.

प्रश्न: आम्ही बेने इस्राएल (मराठी ज्यू), घरात काही शुभ झालं की एलियाहू हन्नबीच्या, म्हणजे संदेष्टा एलियाहूच्या, नावाने मलिदा करतो, अलिबागजवळ खंडाळ्याच्या खडकालाही जाऊन येतो. होरेब डोंगरावर देवाने एलियाहूलाच सांगितलं होतं ना की हजाएलला अभिषेक कर? मग त्यांनी केला का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर: होय दादा, १ राजे १९ मध्ये तीन कामं सांगितलीत, हजाएलला अरामाचा (दिमिष्क ही त्याची राजधानी) राजा म्हणून, येहूला इस्राएलाचा राजा म्हणून आणि अलीशाला तुझ्या जागी संदेष्टा म्हणून अभिषेक कर. यातलं शेवटचं काम एलियाहूने आधी केलं, १२ जोड्या बैलांनी नांगरणी चालली होती तिथे जाऊन अलीशाच्या अंगावर आपला झगा टाकला. येहूवर तेल ओतलं ते पुढे अलीशाच्या एका तरुण शिष्याने, आणि ओतून दार उघडून पळाला. हजाएलच्या डोक्यावर कोणी तेल ओतल्याचं बायबलात कुठेच येत नाही. म्हणजे अलीशा दिमिष्कला गेला तो गुरूचं राहिलेलं काम खांद्यावर घेऊन गेला, हा माझा समज आहे. तेल त्याने काढलं नाही, "देवाने मला दाखवलंय, तू अरामाचा राजा होशील" एवढंच बोलला, तेही रडून झाल्यावर.

प्रश्न: हजाएल खरंच होऊन गेला का? बायबलबाहेर पुरावा आहे का? (एक विद्यार्थी, पुणे)

उत्तर: भरपूर आहे. अ‍ॅसिरियाचा राजा शलमनेसर तिसरा याच्या असुर शहरात सापडलेल्या बेसॉल्टच्या पुतळ्यावर लिहिलंय की दिमिष्कचा आधीचा राजा गेला आणि हजाएल, "कोणाचाच नसलेल्याचा मुलगा", गादीवर बसला. म्हणजे राजघराण्यातला नाही, ना आगा ना पिछा असा माणूस. (आधीच्या राजाचं नाव तिथे अदाद-इद्री आहे आणि बायबलात बेन-हदाद, यावर अभ्यासकांचे वाद आहेत.) इ.स.पू. ८४१ मध्ये याच शलमनेसरने दिमिष्कला वेढा घातला, हजाएलचे १,१२१ रथ आणि ४७० घोडे घेतले, शहराभोवतीच्या बागा तोडल्या असं तो स्वतः कोरून ठेवतो, पण शहर पडल्याचं म्हणत नाही. हजाएल टिकला, आणि पुढे अ‍ॅसिरियन फौजा इकडे यायच्या थांबल्यावर तो दक्षिणेला वळला.

मग अलीशाने पाहिलेलं घडायला लागलं. यार्देन नदीच्या पूर्वेचा सगळा मुलूख गेला. पलिष्ट्यांचं गथ शहर पडलं, आज तेल एस-साफी म्हणतात तिथे खोदकामात शहर जाळल्याचा थर आणि शहराला वेढणारा लांबच लांब खंदक सापडलाय, तो हजाएलच्या वेढ्याचा मानतात. यरुशलेम वाचलं ते योवाश राजाने मंदिरातलं सोनं काढून पाठवलं म्हणून. इस्राएलाच्या यहोआहाज राजाकडे शेवटी ५० स्वार, १० रथ आणि १०,००० पायदळ उरलं, मळणीत उडणाऱ्या धुळीसारखं केलं त्यांना असं बायबल म्हणतं. १९९३ आणि १९९४ मध्ये तेल दान इथे अरामी लेखाचे तुकडे मिळाले, "दावीदचं घराणं" हे शब्द असलेला तो प्रसिद्ध दगड, तोही बहुतेक अभ्यासक हजाएलचाच मानतात.

आणि हे सगळं होत असताना अलीशा जिवंत होता. साधारण चाळीस वर्षं त्याने ते पाहिलं. शेवटी तोच अंथरुणाला खिळला तेव्हा इस्राएलाचा राजा योवाश (यरुशलेमच्या योवाशाचं नाव तेच, माणूस वेगळा) त्याच्याकडे आला आणि त्याच्या तोंडाकडे बघून रडला. अलीशाने त्याला खिडकी उघडायला लावली, पूर्वेला, अरामाच्या दिशेने बाण सोडायला लावला, मग उरलेले बाण हातात घेऊन जमिनीवर मार म्हणाला. योवाशाने तीनदा मारले आणि थांबला. म्हातारा चिडला, पाच-सहा वेळा मारायचे होतेस. पुढे हजाएल मेल्यावर त्याच्या मुलाकडून, त्याचंही नाव बेन-हदादच, योवाशाने गावं परत जिंकली ती तीन लढायांत.