मुंज्या, स्त्री २ आवडले, पण १९६८-८२ च्या काळातले सायफाय आता बघवतील का?

तुम्ही लिहिलंय की हॉरर कॉमेडी थिएटरात बघायला मजा येते, मित्र मात्र जुने इंग्लिश सायफाय बघ म्हणून मागे लागलाय आणि तुम्हाला भीती आहे की ते इफेक्ट्स बघून हसू येईल. येईल थोडं. तरी मित्राचं ऐका.

आधी मुंज्याबद्दल, कारण तो मला अर्धाच आवडला. माझं आजोळ राजापूरकडे, तिन्हीसांजेला त्या पिंपळाखालून जायचं नाही हे ऐकतच मोठा झालो, मुंज झालेली पण सोडमुंज व्हायच्या आधीच गेला तो पोरगा, एवढं आजीने सांगितलं की आम्ही गप्प. तो दिसतो कसा हे तिने कधी सांगितलं नाही आणि विचारायची आमची टाप नव्हती. आदित्य सरपोतदारने (झोंबिवलीवाला) २०२४ मध्ये हे आपलं कोकणातलं भूत हिंदीत नेलं, सुहास जोशींची आजी तर थेट आमच्या ओटीवरून उचलल्यासारखी, पण तो कॉम्प्युटरवाला मुंज्या एकदा समोर आला की येतच राहतो, बडबडतो, लग्न लावून द्या म्हणून हट्ट करतो. माझ्या शेजारी सातेक वर्षांचा पोरगा होता, आधी आईच्या ओढणीत तोंड खुपसून बसलेला, सेकंड हाफला आरामात पॉपकॉर्न खात खिदळत होता. तिथेच भूत संपलं ना.

२०१८ चा पहिला स्त्री बघा. भिंतीवर लिहिलेलं 'ओ स्त्री कल आना' हे बंगळुरूकडच्या 'नाळे बा' (उद्या ये) ह्या अफवेवरून घेतलेलं, आणि गावातले पुरुषच रात्री बाहेर पडायला घाबरतात, म्हणजे ज्याची भीती त्याचंच हसू. स्त्री २ मध्ये सरकटा आला, धड वेगळं मुंडकं वेगळं, वर शेवटी 'भेडिया' पिक्चरमधला लांडगा होणारा माणूस पण आला आणि भुताचा पिक्चर सुपरहिरोचा झाला. पंकज त्रिपाठी असल्यामुळे पैसे वसूल झाले, ते सोडा.

आता जॉन कार्पेंटरचा 'द थिंग', १९८२. अंटार्क्टिकातला तळ, बारा पुरुष, आणि त्यांच्यातला कोण माणूस नाही ते कळत नाही. एकेकाचं रक्त काढून त्यात तापवलेली तार बुडवायची, माणसाचं असेल तर नुसतं चर्र होईल, ह्या टेस्टचा सीन मी चौथ्यांदा बघतानाही पाय वर घेऊन बसलो होतो. आणि गंमत ऐका, सगळा गोंधळ संपल्यावर सोफ्याला बांधून ठेवलेला एकजण आधी सभ्यपणे बोलायला लागतो आणि मग सोडा मला म्हणून असा बोंबलतो की हसून पुरेवाट होते. भीती पूर्ण भोगून झाल्यावर आलेलं हसू ते. आपल्याकडे भीती जरा कुठे बसतेय तोच कोणीतरी जोक मारतो, अर्धा शिजलेला भात उतरवल्यासारखं. इफेक्ट्सवाल्या रॉब बॉटिनने त्यातले बहुतेक राक्षस रबर आणि चिकट रसायनं वापरून हाताने बनवले, काही ठिकाणी रबर दिसतं पण खोलीतल्या माणसांसमोर खरंच काहीतरी आहे हेही दिसतं. आणि हा पिक्चर तेव्हा आपटला होता, ब्लेड रनर हा दुसरा सायफाय त्याच दिवशी लागलेला, तोही आपटला.

स्टॅन्ली कुब्रिकचा '२००१: अ स्पेस ओडिसी' (आला १९६८ ला, माणूस चंद्रावर जायच्या आधी) मात्र सगळ्यात आधी बघू नका, मी झोपलो होतो. पहिली वीस-पंचवीस मिनिटं कोणी बोलतच नाही. दुसऱ्यांदा बघितला तेव्हा हॅल नावाचा कॉम्प्युटर, म्हणजे नुसता एक लाल दिवा, काचेपलीकडच्या दोघा अंतराळवीरांचे ओठ वाचतो आणि तिथेच मूळ मध्यंतर, असं इंटरव्हल आपल्या मल्टिप्लेक्सला कधी जमणार? यानाचा तो गोल फिरणारा भाग ३८ फुटांचा खराखुरा सेट होता, त्यामुळे आजही खोटा वाटत नाही.

म्हणून सुरुवात द थिंगने करा, रात्री, एकट्याने, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून. त्याच्या सुरुवातीलाच बर्फातून एक कुत्रा पळत येतो, त्याच्याकडे नीट लक्ष ठेवा. मी बघून झाल्यावर खाली कचरा टाकायला गेलो तर सोसायटीतला मोत्या जिन्यात शांत बसून माझ्याकडे बघत होता, रोजचाच मोत्या, बिस्किटं खाणारा. मी लिफ्टने वर आलो, पहिला मजला असून.